बरं वाटलं, पण कशामुळे?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी "हाडं, सांधे आणि मणका" असं सांगितलं. पलीकडून लगेच प्रश्न आला, "तू डॉक्टर कधी झालीस?" म्हणून आधीच स्पष्ट करते. मी डॉक्टर नाही. मी इंजिनिअर आहे आणि गेली वीसेक वर्षं सॉफ्टवेअर लिहिते. त्यातली बरीच वर्षं उपचारांच्या चाचण्यांची माहिती सांभाळणाऱ्या प्रणालींवर गेली. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळणार याची चिठ्ठी काढणारा प्रोग्राम, ती चिठ्ठी वेळेआधी कोणाला दिसू नये याची व्यवस्था, आणि दोन वर्षांनी "आता कसं वाटतंय?" हे विचारायची यादी, असं ते काम. तेव्हा कोणी कुठला उपचार घ्यावा हे मी आज सांगणार नाही, तो माझा अधिकारही नाही. एखादा उपचार लागू पडतो हे डॉक्टरांना कळतं कसं, एवढंच सांगणार आहे.

हा विषय निवडायचं कारण आपला व्हॉट्सॲप ग्रुप. सुरुवातीला तिथे मुलांचे वाढदिवस आणि जुने फोटो असायचे. आता महिन्यातून एकदा तरी कोणाचा ना कोणाचा एमआरआयचा रिपोर्ट येतो. कंबरेतली गादी सरकली, मानेत गॅप आली, गुडघ्यातलं काहीतरी फाटलं. खाली दहा मिनिटांत वीस उत्तरं. पट्टा बांध. झोपून राहा. अजिबात झोपू नकोस. ऑपरेशन कर. ऑपरेशनच्या वाटेला जाऊ नकोस. माझ्या मेहुण्याला अमक्या तेलाने फरक पडला.

ही उत्तरं सगळी आपुलकीपोटी आलेली असतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा खरा अनुभव असतो. मेहुण्याला खरोखरच बरं वाटलेलं असतं. पण बरं वाटलं ते कशामुळे? हा प्रश्न ग्रुपवर कोणी विचारत नाही. हाडांच्या शास्त्रात तो नीट विचारायला लागूनही फार काळ झालेला नाही. जेव्हा जेव्हा तो विचारला गेला, तेव्हा उत्तराने डॉक्टरांनाही चकित केलं.

बरं वाटण्याची तीन कारणं अशी आहेत की त्यांचा उपचाराशी संबंधच नसतो. एक, कंबरदुखीची बरीच दुखणी काही आठवड्यांत आपोआप कमी होतात. दोन, आपण डॉक्टरकडे जातो ते दुखणं सर्वांत जास्त असतं त्या दिवशी. दुखण्याला भरती-ओहोटी असते. भरतीच्या दिवशी काहीही केलं तरी पुढे ओहोटी येणारच असते. तीन, कोणीतरी आपलं नीट ऐकून घेतलं, हात लावून तपासलं, "होईल बरं" म्हटलं, की वेदना खरोखरच कमी जाणवते. यात ढोंग काही नाही, आपला मेंदू तसाच चालतो. आपल्याकडे म्हण आहेच, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ. फांदी तुटली हे खरं आणि कावळा बसला हेही खरं. कावळ्यामुळे तुटली का, हे वेगळं तपासावं लागतं.

ते कसं तपासायचं हे आपल्याला याच शाळेत शिकवलेलं आहे. विज्ञानाच्या बाईंनी कुंडीतल्या पानाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकायला लावला होता, आठवतं? मग ते पान उकळून त्यावर आयोडीन टाकलं. उघडा भाग निळा-काळा झाला, झाकलेला झाला नाही. बाईंनी पान पूर्ण का झाकलं नाही? कारण तुलनेला त्याच पानाचा, त्याच उन्हातला, त्याच पाण्यावरचा दुसरा अर्धा भाग हवा होता. उपचारांची चाचणी म्हणजे हेच. फक्त माणसाला अर्धं झाकता येत नाही, म्हणून दोन गट करतात. कोण कुठल्या गटात हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही, रुग्णानेही नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचं. डॉक्टरांनी ठरवलं तर त्यांच्याही नकळत धडधाकट रुग्ण एका गटात जातील आणि खंगलेले दुसऱ्यात. मग फरक उपचाराचा होता की माणसांचा, हे कळायचा मार्गच उरत नाही.

आता काही खऱ्या गोष्टी सांगते. पहिली गोष्ट विश्रांतीची.

मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात आजही आहे. औषधं येण्यापूर्वी त्यावर उपाय म्हणजे महिनोन्महिने पाठीवर पडून राहणं, बहुतेकदा प्लास्टरमध्ये. मग क्षयाची औषधं आली. १९५६ साली हाँगकाँगच्या हॉजसन आणि स्टॉक या सर्जननी छातीच्या बाजूने मणक्यापर्यंत पोचून किडलेलं हाड काढायचं आणि तिथे दुसरं हाड बसवायचं, ही मोठी शस्त्रक्रिया मांडली. जिथे असे सर्जन आहेत, रक्तपेढी आहे, तिथे ते शक्य होतं. पण बाकीच्यांचं काय? सहा महिने खाटेवर ठेवायला इतक्या खाटा तरी कुठून आणायच्या?

ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९६० च्या दशकात हा प्रश्न चाचण्यांना लावला. कोरियात मसान या शहरात एका गटाला औषधांबरोबर सहा महिने रुग्णालयात झोपवून ठेवलं. दुसऱ्या गटाला तीच औषधं देऊन पहिल्या दिवसापासून हिंडतं-फिरतं ठेवलं. पुसान शहरात एका गटाला नऊ महिने प्लास्टरचं जाकीट घातलं, दुसऱ्याला नाही. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा झोपून राहिल्याने किंवा प्लास्टरने जास्त फायदा झालेला दिसला नाही. काम करत होती ती औषधं. ती वर्षानुवर्षांची सक्ती, घरापासून दूर राहणं, बुडालेला रोजगार, यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं होतं.

१९७५ मध्ये मद्रासमधल्या क्षयरोग संशोधन केंद्राने पुढची चाचणी सुरू केली. त्यात ३०४ रुग्ण होते आणि तीन गट. एकाला मोठी शस्त्रक्रिया आणि सहा महिने औषधं, दुसऱ्याला नुसती सहा महिने औषधं, तिसऱ्याला नुसती नऊ महिने औषधं. या रुग्णांवर त्यांनी दहा वर्षं लक्ष ठेवलं. दहा वर्षांनी तिन्ही गटांत दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त रुग्णांची प्रकृती चांगली होती. पायांतली ताकद पार गेलेले रुग्ण या चाचणीत घेतलेले नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवं. त्याच सुमारास बनारसमध्ये डॉ. तुली यांनी याला मधला मार्ग म्हटलं. आधी औषधं द्यायची, रुग्णावर बारीक लक्ष ठेवायचं, आणि ज्याला औषधाने उतार पडत नाही किंवा ज्याची मज्जारज्जू दाबली जाते त्याच्यावर शस्त्रक्रिया करायची. आज बऱ्याच ठिकाणी याच विचाराने चालतात. हाडांच्या उपचारातला इतका महत्त्वाचा प्रश्न आपल्या देशात, साध्या परिस्थितीतल्या रुग्णांच्या सहकार्याने सुटला, याचा मला अभिमान वाटतो.

साध्या कंबरदुखीतही विश्रांतीची हीच गत झाली. आपल्या आई-वडिलांच्या काळी कंबर धरली की "सक्त विश्रांती, फळीवर झोपा" असं सांगत. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना सात दिवस. आराम दोन्ही गटांना सारखाच पडला. दोन दिवसवाले मात्र कामावर लवकर गेले. १९९५ मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस अंथरूण, एकाला पाठीचे व्यायाम, आणि एकाला फक्त इतकंच सांगितलं की सोसेल तेवढी रोजची कामं करत राहा. सगळ्यांत लवकर सावरला तो तिसरा गट.

दुसरी गोष्ट चित्राची. एमआरआयची.

कंबर दुखते, एमआरआय काढला, गादी सरकलेली दिसली. म्हणजे दुखतंय ते गादीमुळेच, असं आपण धरून चालतो. पण ज्यांची कंबर दुखतच नाही त्यांचा एमआरआय कसा दिसतो? १९९० साली स्कॉट बोडेन आणि सहकाऱ्यांनी हे पाहिलं. ६७ माणसं, ज्यांना कधी कंबरदुखी किंवा सायटिका झालेला नव्हता. त्यातल्या सुमारे एक-तृतीयांश लोकांच्या चित्रात मोठा दोष सापडला. साठीच्या आतल्यांपैकीही पाचात एकाची गादी सरकलेली होती. १९९४ मध्ये अशाच ९८ जणांचे एमआरआय काढले. सगळ्या गाद्या ठीक असलेले निघाले फक्त ३६ टक्के.

२०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांची एकत्र बेरीज केली गेली. त्यात न दुखणारी माणसं होती ३,११०. आपल्या वयाचे आकडे सांगते. चाळिशीत ६८ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आणि ५० टक्क्यांच्या फुगलेल्या. पन्नाशीत हेच आकडे ८० आणि ६०. आणि यातल्या कोणाचीही कंबर दुखत नव्हती. म्हणजे आज या सभागृहात बसलेल्या आपल्या सबंध बॅचला यंत्रात घातलं, तर काहीही तक्रार नसलेल्यांपैकीही निम्म्यांच्या हातात घाबरवणारा रिपोर्ट येईल. केस पांढरे व्हावेत तशा गाद्या झिजतात. पांढऱ्या केसांमुळे कोणाचं डोकं दुखत नाही.

याचा अर्थ एमआरआय खोटा नाही. पायातली कळ, बधिरपणा, डॉक्टरांनी हातोडीने पाहिलेली प्रतिक्रिया आणि चित्रातली जागा, हे सगळं एकमेकांशी जुळलं तर तो फार मोलाचा. पण नुसत्या रिपोर्टवर ग्रुपवरचे आपण निदान करू शकत नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रोज हेच पाहतो. लॉग उघडला की शंभर इशारे दिसतात, आणि बिघाडाचं कारण त्यातला एखादाच असतो.

तिसरी गोष्ट शस्त्रक्रियेची. इथे तुलना करणं सगळ्यांत अवघड. गोळीची तुलना साखरेच्या गोळीशी करता येते. शस्त्रक्रियेची तुलना कशाशी करणार?

अमेरिकेत ह्यूस्टन इथे ब्रूस मोझली नावाचे ऑर्थोपेडिक सर्जन होते. गुडघ्याच्या झिजेवर तेव्हा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायची पद्धत होती. सांधा धुऊन काढायचा, खडबडीत झालेली कूर्चा साफ करायची. अमेरिकेत वर्षाला साडेसहा लाखांहून जास्त अशा शस्त्रक्रिया होत, आणि रुग्ण समाधानी असत. मोझलींनी १८० रुग्णांचे तीन गट केले. एकाचा गुडघा नुसता धुतला, एकाचा धुऊन साफ केला, आणि तिसऱ्याची केली लुटुपुटीची शस्त्रक्रिया. गुंगीचं औषध दिलं, त्वचेवर खऱ्या तीन चिरा घेतल्या, सर्जननी नेहमीसारखी हत्यारं मागितली, गुडघा हलवला, पाण्याचा आवाज केला, टाके घातले. आत दुर्बीण घातलीच नाही. कोणाचं काय करायचं ते पाकीट शस्त्रक्रियेच्या खोलीतच उघडायचं. सगळ्या शस्त्रक्रिया मोझलींनी स्वतः केल्या. आणि हे फसवून केलेलं नव्हतं. आपल्याला लुटुपुटीची शस्त्रक्रिया मिळू शकते आणि तिने गुडघा सुधारणार नाही, हे प्रत्येक रुग्णाने आधी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. ज्यांना विचारलं त्यांतल्या बऱ्याच जणांनी नकार दिला, आणि तो त्यांचा हक्क होता.

निकाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांपर्यंत तिन्ही गटांच्या वेदनेत आणि चालण्यात फरक नव्हता. रुग्ण जवळजवळ सगळे पुरुष होते, शस्त्रक्रिया करणारे सर्जन एकच होते, असे आक्षेप घेतले गेले. ते रास्तच होते, आणि त्यांना उत्तर म्हणजे पुन्हा चाचण्या. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या १४६ जणांची चाचणी झाली. झिजेने मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली अर्धचंद्राकार गादी फाटलेले हे रुग्ण. निम्म्यांचा फाटका भाग कापून काढला, निम्म्यांचा कापल्यासारखं केलं. २०१३ मध्ये निकाल आला. वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच सुधारले होते. पाच वर्षांनंतरही कापलेल्यांना जादा फायदा दिसला नाही.

मणक्याचंही एक उदाहरण सांगते. उतारवयात हाडं ठिसूळ होऊन मणका दबतो, तेव्हा सुईने आत सिमेंट भरतात. २००९ साली त्याच्या दोन चाचण्यांचे निकाल एकदमच आले, ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ७८ रुग्ण आणि अमेरिकेतून चालवलेल्या दुसऱ्या चाचणीत १३१. तुलनेच्या गटाला संशय येऊ नये म्हणून सिमेंटची बाटली खोलीत उघडायचे, त्याचा उग्र वास पसरावा म्हणून. सिमेंट भरायचेच नाहीत. वेदना दोन्ही गटांत कमी झाली, आणि जवळपास सारखीच. काही ठरावीक रुग्णांसाठी या उपचारावर आजही वाद आणि अभ्यास चालू आहेत. पण "रुग्णांना बरं वाटतं" एवढा पुरावा पुरेसा नाही, हे त्या वर्षी सगळ्यांना मान्य करावं लागलं.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे ऑपरेशनं सगळी थोतांड. कृपा करून हे डोक्यात घेऊन घरी जाऊ नका. तीच पद्धत शस्त्रक्रियेच्या बाजूनेही साक्ष देते.

नेदरलँडमध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांवर लगेच शस्त्रक्रिया, निम्म्यांना वाट पाहायला सांगून गरज पडली तरच. २००७ चा निकाल असा. लगेच केलेल्यांना बरं वाटायला साधारण चार आठवडे लागले, थांबलेल्यांना बारा. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. आणि वर्ष संपताना दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे होते. आता यातून काय घ्यायचं? ज्याला दोन महिने कळ सोसणं शक्य नाही, ज्याचं काम उभ्याने करायचं आहे, त्याला शस्त्रक्रियेने आठ आठवडे मिळतात. ज्याला थांबता येतं, त्याला बहुधा चाकू टाळता येतो. दोन्ही निर्णय शहाणपणाचे, आणि आकडे समोर असले की ते रुग्णाला स्वतः घेता येतात.

गुडघे बदलण्याचंही तसंच. डेन्मार्कमध्ये सांधा बदलण्याजोग्या १०० रुग्णांपैकी निम्म्यांना नवा गुडघा आणि व्यायाम, निम्म्यांना नुसता व्यायाम, आहार आणि औषधं. २०१५ मध्ये निकाल आला. वर्षभरात नव्या गुडघेवाल्यांची सुधारणा जवळपास दुप्पट होती. गंभीर त्रासही त्यांच्यातच जास्त झाले. आणि व्यायामाच्या गटातल्या चारांपैकी तिघांनी त्या वर्षात शस्त्रक्रिया मागितलीच नाही. माझ्या आईच्या गुडघ्यांची वेळ आली तेव्हा हे आकडे मी तिला मराठीत लिहून दिले. तिने काही महिने नेटाने व्यायाम केला. मग तिनेच ठरवलं की उन्हाळ्यात वाळवणं घालायला गच्चीवर जाता येत नसेल तर तिला ते चालणार नाही, आणि गुडघे बदलून घेतले. निर्णय तिचा होता, म्हणून शस्त्रक्रियेनंतरचे कठीण आठवडेही तिने कुरकुर न करता काढले.

खुब्याचा सांधा बदलणं ही तर विसाव्या शतकातली मोठीच देणगी. ती देणारे जॉन चार्नली, इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयाचे सर्जन. त्यांची हकीकत आम्हा इंजिनिअर लोकांना फार जवळची वाटते. त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं. होय, आपल्या तव्यावरचं तेच. ते इतकं गुळगुळीत की रुग्ण खूश, वेदना गायब. सुमारे ३०० जणांना ते बसवलं. दोन-तीन वर्षांत वाटी झिजायला लागली, आणि झिजेच्या भुकटीने आजूबाजूचं मांस सुजलं. ती भुकटीच दोषी आहे का हे पाहायला चार्नलींनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. ते सूज आणतात याची खात्री पटली. मग एके दिवशी एक विक्रेता कापड गिरणीतल्या यंत्रांच्या दात्यांसाठी वापरतात त्या प्लॅस्टिकचा, पॉलिइथिलीनचा, तुकडा घेऊन आला. चार्नलींना त्यात काही राम वाटला नाही. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो झीज मोजायच्या यंत्रावर लावून ठेवला. आठवडे गेले तरी तुकडा फारसा झिजेना. नोव्हेंबर १९६२ मध्ये ती वाटी पहिल्यांदा माणसात बसली, आणि आजही जगभर बसवल्या जाणाऱ्या कितीतरी वाट्या त्याच प्लॅस्टिकच्या सुधारित रूपातल्या आहेत.

या हकिकतीत दुसरा प्रश्न दडलेला आहे. पहिला होता, तुलना कशाशी? दुसरा, किती वर्षांनी? टेफ्लॉनच्या रुग्णांना पहिल्या वर्षी विचारलं असतं तर सगळ्यांनी हात जोडून आभार मानले असते.

म्हणूनच स्वीडनने १९७५ मध्ये गुडघ्यांची आणि १९७९ मध्ये खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कोणाला कुठल्या बनावटीचा सांधा बसला आणि तो पुन्हा कधी बदलावा लागला, याची नोंद. दिसायला किती साधं काम! ऑस्ट्रेलियाची अशी नोंदवही १९९९ मध्ये सुरू झाली. धातूवर धातू घासणारा 'एएसआर' नावाचा खुबा इतरांपेक्षा लवकर निकामी होतोय, हे आधी लक्षात आलं ते या नोंदवहीच्या आकड्यांवरून. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून मागे घेतला गेला, तोवर सुमारे ९३,००० लोकांना बसला होता. त्यात भारतीयही होते. आपल्या सरकारी समितीचा अहवाल २०१८ मध्ये पुढे आला, आणि ज्यांना तो बसवला त्यांतल्या बऱ्याच जणांचा पत्ताच लागत नव्हता. ज्याची नोंद नाही त्याला सावध तरी कसं करणार? म्हणून घरात कोणाचाही सांधा बदलला असेल तर एक काम आजच करा. डिस्चार्जच्या कागदांवर सांध्याची बनावट आणि नंबर असलेला स्टिकर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. नसेल तर रुग्णालयातून मागून घ्या.

आता शेवटाकडे येते. पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना शांतपणे तीन प्रश्न विचारा. हा उपचार न करता मी थांबले किंवा थांबलो, तर काय होईल? हा उपचार केलेल्यांची प्रकृती पाच-दहा वर्षांनी कशी असते? आणि ज्यांच्यावर हा पारखला गेला ते माझ्या वयाचे, माझ्यासारख्या त्रासाचे होते का? चांगल्या डॉक्टरला हे प्रश्न आवडतात. वर सांगितलेल्या चाचण्या करणारेही डॉक्टरच होते. स्वतःच्या हातची कला चिठ्ठीवर लावायला मोठं काळीज लागतं.

काही वेळा मात्र थांबायचं नाही, ग्रुपवर विचारायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. लघवी-संडासवरचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी. पाठदुखीबरोबर ताप आहे, वजन घटतंय, रात्री झोपूनही कळ थांबत नाही, आधी कर्करोग होऊन गेलेला आहे, किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालंय, तर उशीर नको. मणक्याचा क्षय वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो. उशीर झाला तर पाय जाऊ शकतात.

बाकी आपल्यासारख्यांसाठी चाचण्यांनी जे सांगितलं ते आपले पीटीचे सर फुकटात सांगत होते. हलत राहा. आजचं जेवण झालं की सर्वांनी मैदानाला एक फेरी मारावी, अशी माझी सूचना आहे. सरांनी शिट्टी आणली असेल तर उत्तमच.